रेवस ते दिमोना

बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, हकिगत सांगायला बसलं की बहुतेक जण दोन टोकं धरतात. एका टोकाला नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, दुसऱ्या टोकाला 1948 नंतर इस्रायलला निघालेली माणसं. मधला रेवसचा धक्का सगळे गाळतात. मी अलिबागची, नोकरी पोस्टातली, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं हे जरा जवळून पाहिलेलं आहे. माझं म्हणणं असं की या लोकांना सगळ्यात जास्त बदललं ते सर्वांत लहान प्रवासानं, रेवसहून होडीत बसून मुंबईला उतरण्यानं.

आधी गलबताचं. कथा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वादळात जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना नवगावला पुरलं. हे कधी घडलं याला कागदाचा आधार नाही. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला, त्यात त्यांनी हे आगमन ख्रिस्तापूर्वी पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास नेलं आहे. पुस्तक छापून आलं ते 1937 मध्ये, आणि तेही तेल अवीवला. परक्या माणसाच्या लेखी नोंद सापडते ती एकदम 1738 ची, एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रातली. मधली सगळी शतकं कोरी. मला त्यात गूढ वगैरे काही वाटत नाही. कोकणातल्या कुठल्या तेल्याकडे, कोळ्याकडे, आगऱ्याकडे हजार वर्षांचे कागद आहेत?

तेली हाच त्यांचा धंदा. गावोगाव घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. गावानं त्यांचं एवढंच वर्गीकरण केलं आणि विषय संपवला. आडनावं गावांची: किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवल्यांची मासळी तेवढी खायची, आणि हिब्रूपैकी ‘शमा’ ही एक प्रार्थना पाठ. बाकी हिब्रू विसरलेलं. सणांची नावं आपल्याच मातीतली होती: वर्षारंभाचा नव्याचा सण, खिरीचा सण, दार लावून उपास करायचा दारफाळणीचा सण, होळीच्या आसपास येणारा होळीचा सण. एका उपासाला तर बिरड्याचा रोजा म्हणत, कारण तो सोडताना वालाचं बिरडं लागे. नारळाच्या दुधाची मोठीच सोय झाली. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही हा त्यांचा नियम, आणि कोकणात रश्शाला गाईचं दूध घालतं कोण?

हे सगळं छान वाटतं, पण गावाकडून त्यांनी नुसतं बिरडं घेतलं नाही, जातही घेतली. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग पडले. काळे म्हणजे बाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीचे वंशज, असं गोरे म्हणत. बेटीव्यवहार नाही, आणि रोटीव्यवहारातही हात आखडता. विधवेचं लग्न करायचं नाही हेही शेजारच्या आळीतूनच आलं. मिसळून जाणं म्हणजे शेजाऱ्याचं चांगलं तेवढंच उचलणं, असं कुठे होत नाही. इथेही झालं नाही.

आता रेवस. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायलांची मुलं कंपनीच्या पलटणीत भरती व्हायला मुंबईला जाऊ लागली. घाण्यावर चार भाऊ असले तर एकाचं पोट भरे, पलटणीत पगार होता आणि पुढे पेन्शन. अशांपैकी एक सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, सुटून आला आणि 1796 मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. सगळ्या बेने इस्रायल समाजाचं हे पहिलं सिनेगॉग. तोवर कोकणात प्रार्थना होई ती घराच्या ओटीवर. लोक या सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. शेजारच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात, तो हाच सॅम्युएल.

मुंबईत त्यांना दोन प्रकारची माणसं भेटली, आणि दोघांनीही त्यांना ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं. नवगाव-चौलमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिले मिशनरी. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. अमेरिकन मिशनच्या शाळांतून बेने इस्रायलांची मुलं-मुली शिकू लागली. जुना करार पहिल्यांदा मराठीत वाचायला मिळाला तो या लोकांमुळे. पाद्र्यांचा हेतू उघड होता. यांना हिब्रू शिकवलं की पुढची पायरी ख्रिस्ताची. झालं उलटंच. पोरं हिब्रू शिकली, पुस्तकं वाचली आणि अधिक पक्की यहुदी झाली. बाटले ते अगदी थोडे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी विधी शिकवले. 1846 मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली. 1874 ची पुण्याची प्रत सचित्र आहे, आणि तिच्यात नऊवारी नेसलेल्या बायका खाली बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दाखवल्या आहेत. मिसरमधून सुटकेची गोष्ट आणि चित्रात कासोटा! 1880 च्या सुमारास तर यांनी कीर्तन उचललं. आख्यान मोशेचं, दाविदाचं, चाली आपल्याकडच्या.

दुसरे बगदादी. डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईत आले. बगदादी यहुद्यांनी सुरुवातीला बेने इस्रायलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली, त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरले. आणि 1836 मध्ये सरकारकडे अर्ज दिला की दफनभूमीच्या मधून भिंत घालून द्या. काळे-गोरे करणाऱ्या समाजाला आपल्याहून ‘गोरा’ भेटला. त्यात न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण ती भिंत मागितली गेली तेव्हापासून ‘आम्हीही खरे यहुदी’ हे सिद्ध करायचं ओझं या लोकांच्या डोक्यावर बसलं, आणि ते पुढे सव्वाशे वर्षं उतरलं नाही.

मुंबईला जे मिळालं ते होडीतून मागे कोकणातही आलं. अलिबागचं सिनेगॉग 1848 चं, पनवेलचं 1849 चं. नव्याच्या सणाला लोक रोश हशाना म्हणू लागले. घाणा सुटला. 1875 मध्ये केहिमकरांनी समाजाची शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. दोन-तीन पिढ्यांत तेल्याची नातवंडं रेल्वेत, पोस्टात, कस्टमात, इस्पितळात गेली. पोस्टात तर इतकी की आमच्या खात्यात जुन्या हजेरीपटांवर ही ‘कर’ आडनावं भरपूर दिसत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, 1937 मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. मोझेस, पडद्यावरचे डेव्हिड, म्हणजे आमच्या चौलचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ही सगळी या एका होडीच्या प्रवासाची फळं. कुणी पुण्याला गेलं, कुणी कराचीला, कुणी एडनला. मराठी सगळीकडे बरोबर गेली.

म्हणून 1948 येईपर्यंत मोठा बदल होऊन गेला होता. तेव्हा भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. इथे त्यांचा छळ कधी झाला नाही. हे वाक्य सभा-समारंभात इतकं वापरलं जातं की गुळगुळीत झालंय, पण ते खरं आहे. मग गेले का? धर्माची ओढ होती, ती खोटी नव्हे. पण सरकारी नोकरीवर तीन पिढ्या जगलेल्या माणसाला साहेब गेल्यावर पुढचं काय, ही धास्तीही होती. आणि एक भाऊ गेला की दुसरा जातोच. मुंबईच्या गिरणीत कोकण असंच गेलं, त्याला कुणी धर्म लावत नाही.

तिथे पहिली वर्षं वाईट गेली. बीरशेबाच्या वाळवंटात ठेवलेल्या लोकांनी रंगावरून दुजाभाव होतो म्हणून 1951 मध्ये तेल अवीवला धरणं धरलं आणि मागणी केली की आम्हाला परत हिंदुस्थानात पोहोचवा. शंभराहून जास्त माणसं खरोखरच परत आली. त्यांतली बरीचशी काही वर्षांनी पुन्हा तिकडे गेली, हेही सांगायला हवं.

त्याहून मोठी गोष्ट लग्नांची. 1962 च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं असा हुकूम काढला की बेने इस्रायल वर किंवा वधू दुसऱ्या यहुद्याशी लग्न करणार असेल, तर त्याच्या किंवा तिच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. अष्टमी-नागोठण्याच्या घाण्यावरची पणजी, तिचा दाखला कुठल्या कचेरीत मिळणार? 1836 च्या भिंतीचा हा नवा अवतार. पण आता समोर अर्ज करणारे रयत नव्हते, मतदार होते. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये संप आणि धरणं झालं, आणि 17 ऑगस्टला तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. हुकमातून त्यांच्या समाजाचं नाव काढावं लागलं. नव्या देशानं त्यांना बदललं असं म्हणतात. त्यांनीही त्या देशाला एका बाबतीत वाकवलं, हे कमी लिहिलं जातं.

मग दिमोना, अश्दोद, लोद. दिमोना 1955 मध्ये वाळवंटात वसवलेलं गाव. कापडगिरणीत काम, शेजारी मोरोक्कोहून आलेले. माझ्या नोकरीच्या दिवसांत तिथून निळी हवाईपत्रं यायची, वर हिब्रू शिक्का आणि आत मराठी. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हा आमचा नियम, पण आळीतल्या आजींचा चष्मा बरोबर पत्र आलं की घरी राहिलेला असे. ‘वाच गो ताई जरा,’ म्हणत त्या खिडकीपाशीच उभ्या राहत. पत्रात थंडीची तक्रार, मुलाच्या पलटणीची खबर, आणि शेवटी मागणी ठरलेली: येणाऱ्या माणसाबरोबर कडवे वाल आणि आमसुलं पाठवा. एका पत्रात मलिद्याला पातळ पोहे मिळाल्याची बातमी नातवाच्या नोकरीच्या आधी लिहिली होती.

मलिदा म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाचा विधी. भिजवलेले पातळ पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. ताटाच्या कडेनं फळं मांडायची आणि प्रार्थना म्हणून वाटायचं. लग्न, नवस, दुखण्यातून उठणं, कशालाही मलिदा. एलियाहूच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे. तिकडच्या दुसऱ्या यहुद्यांना पोह्यांचं हे ताट माहीतच नव्हतं. इथे असताना तो घरचा साधा नवस होता, तिथे तो समाजाची खूण झाला. मेंदीचंही तेच. इथे ते ‘इस्रायल’ होते, तिथे हिंदी झाले. मायबोली नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघालं. मुंबईनं त्यांना यहुदी केलं, इस्रायलनं मराठी; माझं मत असं आहे, कुणाला पटो न पटो.

मागे उरलं त्याचं काय, हा भाग थोडक्यात आटपतो, कारण आटपण्याजोगाच आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या सिनेगॉगांत ते सणावारीच जमतात, एरवी नाही. भारताचे इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध 1992 मध्ये जुळले, तेव्हापासून येणं-जाणं सोपं झालं. आता पर्यटकांच्या गाड्या खंडाळ्याला येतात, आजी मराठीत सांगते आणि नातवंडं हिब्रूत विचारतात. महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. दर्जा घ्यायला माणसं थोडी होती.

रायगडच्या वाचकांना एक सांगायचं आहे. तुमच्या गावाच्या कडेला इस्रायलांची दफनभूमी असेल, बऱ्याच गावांना आहे, तर एकदा तिथे जा. दगडांवर हिब्रूखाली मराठीत नाव आणि गाव कोरलेलं असतं. झाडोरा बाजूला करून त्यांचे फोटो घ्या, नावं उतरवून तालुक्याच्या वाचनालयात द्या, आणि त्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही तलाठ्याकडे पाहून ठेवा. पुढच्या वेळी पणजीचा दाखला शोधत कुणी आलं, तर तो मिळण्याची जागा तेवढी एकच आहे.