थायरॉईडची गोळी बदलताना

शंभर मायक्रोग्रॅमच्या थायरॉईडच्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असते ते एक दशांश मिलिग्रॅम. बाकी जवळजवळ सगळी गोळी पूरक द्रव्यांची. औषध किती दिवस टिकेल, पोटात गोळी किती लवकर विरघळेल आणि आतड्यातून किती औषध रक्तात जाईल, हे बऱ्याच अंशी ही द्रव्ये ठरवतात. दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर एकच नाव आणि एकच आकडा असतो, म्हणून त्या सर्वार्थाने एकच, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे, की या औषधाचा ब्रँड बदलला तर डोसही बदलला असेल असे समजून वागावे आणि तसे झाले नाही हे रक्ततपासणीने ठरवावे.

अनेक औषधांच्या बाबतीत इतकी दक्षता लागत नाही. इथे लागते, कारण थायरॉक्सिनच्या मात्रेला चुकीची मुभा थोडी आहे. पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या मुक्त थायरॉक्सिनवर सतत नजर ठेवून असते. ते निम्म्यावर आले, तर थायरॉईडला चालना देणारे या ग्रंथीचे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, साधारण शंभरपट वाढू शकते. त्यामुळे थायरॉक्सिनमधला लहानसा उतार टीएसएचच्या अहवालात ठळक दिसतो. मात्र तो लगेच दिसत नाही. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे नव्या गोळीची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात बरे वाटले म्हणून बदल पचला असे म्हणता येत नाही. दुसऱ्याच दिवशी धडधड किंवा पोटदुखी सुरू झाली, तर थायरॉक्सिन कमी-जास्त झाले हे त्याचे कारण असण्याचा संभवही कमी. तेव्हा कारण पूरक द्रव्यांत, दुसऱ्या एखाद्या आजारात किंवा मनातल्या धास्तीत शोधावे लागते.

या सगळ्याचा मोठा धडा फ्रान्समध्ये मिळाला. तिथे सुमारे तीस लाख रुग्ण जवळजवळ एकाच ब्रँडवर होते : मर्क कंपनीचे लेव्होथायरॉक्स. साठवणुकीच्या पूर्ण काळात गोळीतल्या औषधाचे प्रमाण अधिक स्थिर राहावे, असा आग्रह औषध नियामक संस्थेने 2012 साली धरला. त्यानुसार मार्च 2017 मध्ये नवी गोळी बाजारात आली. तीत लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल होते. औषध तेच होते, हेतूही चांगला होता. पण थकवा, केस गळणे, चक्कर, स्नायूदुखी अशा तक्रारींचा पूर आला आणि नोंदी तीस हजारांवर गेल्या. सरकारने ऑक्टोबर 2017 मध्ये जुन्या सूत्राची गोळी युथायरॉक्स या नावाने आयात केली आणि इतर कंपन्यांच्या गोळ्याही उपलब्ध करून दिल्या. पुढे 2020 मध्ये लिऑनच्या अपील न्यायालयाने मर्कला तीन हजारांहून अधिक रुग्णांना प्रत्येकी हजार युरो भरपाई द्यायला सांगितले. न्यायालयाचा ठपका गोळीच्या गुणवत्तेवर नव्हता. रुग्णांना बदलाची पुरेशी माहिती दिली नाही, यावर तो होता.

बाजारात आणण्यापूर्वी या नव्या गोळीची चाचणी 204 निरोगी स्वयंसेवकांवर झाली होती आणि सरासरी शोषण ठरलेल्या मर्यादेत भरले होते. तूलूझच्या संशोधकांनी 2019 मध्ये तीच आकडेवारी व्यक्तिशः तपासली. निम्म्याहून अधिक स्वयंसेवकांचे नव्या-जुन्या गोळीच्या शोषणाचे वैयक्तिक गुणोत्तर त्या मर्यादेबाहेर निघाले. सरासरी जुळली म्हणून प्रत्येकाचे जुळले असे होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. मात्र त्याला एक जोड द्यावी लागते : एकाच माणसाचे शोषण एकाच गोळीवरही दिवसागणिक वरखाली होते. त्यामुळे त्या फरकाचा किती वाटा गोळीचा आणि किती शरीराचा, हे या आकड्यांवरून सुटत नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एका जेनेरिककडून दुसऱ्या जेनेरिककडे गेलेल्यांच्या टीएसएचमध्ये लक्षणीय बिघाड आढळला नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. बहुतेकांना बदल सोसतो, काहींना सोसत नाही. कोणाला सोसणार नाही हे आधी कळत नाही, म्हणून तपासायचे. टीएसएच ठीक आहे, म्हणून तक्रार खोटी असा निर्णय डॉक्टरांनी देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. फ्रान्समध्ये तक्रार करणाऱ्या अनेकांची टीएसएच मर्यादेतच होती. त्यांचा त्रास त्यामुळे नाहीसा झाला नव्हता.

आपल्याकडे नेहमीचा ब्रँड संपला की औषधाच्या दुकानातून 'तेच आहे हो' म्हणत दुसरी बाटली हातात येते. घ्यायची वेळ आलीच, तर ती कधी सुरू केली याची नोंद ठेवावी, डॉक्टरांना कळवावे आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावी. त्या काळात बाकीचे काही बदलू नये. नवी गोळी आणि कॅल्शियम एकाच आठवड्यात सुरू केले, तर दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात व थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे, आणि गोळी रिकाम्या पोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. जुनी बाटली कशी ठेवली होती हेही आठवून पाहावे. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी खालावते. कोकणातल्या पावसाळ्यात सैल झाकणाखाली राहिलेल्या गोळ्या कमजोर झाल्या असतील, तर ताजी बाटली सुरू केल्यावर त्याच आकड्याचा डोस जास्त भासू शकतो.

प्राण्यांच्या ग्रंथीच्या भुकटीकडे किंवा लायोथायरोनिन, म्हणजे टी-3, कडे वळणे ही मात्र वेगळीच गोष्ट. इंग्लंडमध्ये 1891 साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला रुग्ण सावरला, तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. भुकटीच्या साठ मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 38 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे टी-4, आणि 9 मायक्रोग्रॅम टी-3 असते. माणसाच्या ग्रंथीत टी-3चा वाटा याहून बराच कमी आहे. टी-3 लवकर चढते व लवकर ओसरते आणि हृदयावर त्याचा भार पडतो. आकड्याला आकडा लावून हा बदल कोणी स्वतः करू नये.

गर्भारपणात सहा आठवडे थांबण्याचा हिशेब लागू नाही. संप्रेरकाची गरज पहिल्या काही आठवड्यांतच साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याने वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ तेव्हा आईच्याच थायरॉक्सिनवर चाललेली असते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्यायचा, निम्म्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासायची आणि त्या काळात ब्रँड शक्यतो बदलायचा नाही.