एका बाराची बंदूक

बंदुकीच्या इतिहासात पल्ला, वेग आणि नेम यांची चर्चा पुष्कळ होते. ती कोणाच्या हाती द्यावयाची, हा प्रश्न मात्र मागे राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हिंदी लष्कराची कथा या प्रश्नावाचून उलगडत नाही.

१८५७ च्या उठावाला जिच्या काडतुसांचे निमित्त झाले, ती एन्फिल्ड रायफल तोंडाकडून ठासावयाची होती. नळीत पीळदार खाचा असल्यामुळे तिची गोळी दूरवर नेमकी जाई. उठाव शमल्यावर हिंदी पलटणींसाठी जी बंदूक घडविण्यात आली ती दिसावयास हुबेहूब एन्फिल्ड, पण आतून गुळगुळीत! अविश्वास लोखंडात ओतल्याचे असे उदाहरण विरळाच.

१८६४ च्या डेन्मार्कवरील युद्धात प्रशियाच्या मागून भरावयाच्या बंदुकांचा प्रभाव दिसला आणि इंग्रजांना घाई झाली. जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाने स्वस्त तोड सुचविली : जुन्या एन्फिल्डचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीचा ठोकळा बसवावयाचा. १८६६ मध्ये ती स्वीकारली गेली. मिनिटाला तीन बार काढणारा शिपाई आता दहा काढू लागला. स्नायडर मात्र त्याच वर्षी विपन्नावस्थेत वारला.

१८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की ठोकळा खाली येई, रिकामे काडतूस मागे फेकले जाई. नवे सारून तरफ वर केली की बंदूक सज्ज. एका वेळी एकच बार, पण नळी ०.४५ इंचांची आणि शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची. खांद्याला बसणारा तिचा धक्का शिपाई जन्मभर विसरत नसे. दहावीस बारांत नळी हात पोळण्याइतकी तापे, आणि काळ्या दारूच्या धुराने समोरचा शत्रूच दिसेनासा होई. पातळ पितळी पत्र्याची काडतुसे उष्णतेत आणि वाळूत अडकत. १८८५ मध्ये सुदानात याचा कडू अनुभव आला.

ही बंदूक प्रथम गोऱ्यांना मिळाली. हिंदी शिपायाच्या हाती स्नायडरच राहिली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे ६६ वी गोरी पलटण मार्टिनीने लढली, तर मुंबई लष्करातील पहिली ग्रेनेडियर्स आणि ३० वी जेकब्स रायफल्स या पलटणी स्नायडरने. सुमारे अडीच हजारांपैकी साडेनऊशेंहून अधिक माणसे पडली. पराभवाचे खापर स्नायडरवर फोडणे न्यायाचे होणार नाही. अयूबखानाचे संख्याबळ आणि तिसाच्या आसपास तोफा हीच मुख्य कारणे. पण पुढे सरसेनापती झालेल्या रॉबर्ट्सने मुंबई-मद्रासचे शिपाई लढवय्ये नव्हेत असे ठरविताना त्यांच्या हाती कोणते हत्यार दिले होते याचा हिशेब मांडला नाही. १८९० नंतर थोड्याच वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला.

लष्कराबाहेरील हिंदी माणसाची स्थिती याहून बिकट होती. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने त्याला परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना सूट होती. कोडगूच्या कोडवांसारखे अपवाद थोडेच. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल मागितला, पण तो कायदा हटण्यास स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा यावा लागला. परवाना त्यानंतरही राहिलाच.

१८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्यांकडे अनेक काडतुसे भरून ठेवता येणारी ली-मेटफर्ड होती. हिंदी पलटणींना आता कुठे मार्टिनी मिळाली होती. समोरच्या आफ्रिदींकडेही ती होतीच, आणि कोहाटजवळच्या दर्‍यातील लोहार तिच्या नकला घडवीत होते.

नेपाळात या जातीच्या बंदुका सर्वांत अधिक टिकल्या. जनरल गहेंद्र शमशेर यांनी तर स्वतःची सुधारित आवृत्ती काढली. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. तेथे १८९८ पर्यंतची बंदूक कायद्याने पुराणवस्तू ठरते. म्हणून हौशी लोक त्या माफक किमतीत घेतात, साफ करतात, काळी दारू भरून निशाणावर झाडतात. कित्येकींच्या लोखंडावर खुणा ठोकलेल्या आढळतात. मालकाला त्या वाचता येत नाहीत. अक्षरे देवनागरी असतात.