‘टुंडे’ या नावामागचे कर्तृत्व

लखनौच्या चौक भागात, अकबरी दरवाजाजवळ, हाजी मुराद अली यांनी १९०५ साली कबाबांचे दुकान थाटले. त्यांचे घराणे मूळचे भोपाळच्या नवाबांचे आचारी, असे सांगतात. एक हात गमावलेल्या या गृहस्थांना लोक ‘टुंडे’, म्हणजे थोटे, म्हणू लागले. तेच नाव दुकानास लाभले. मसाल्याचे प्रमाण घरातच राहिले. पुढील पिढ्यांनी अमिनाबादेतही दुकान काढले. २०१७ साली म्हशीच्या मांसाचा पुरवठा खुंटला, तेव्हा कोंबडीच्या व बकऱ्याच्या मांसाचे कबाब करून त्यांनी व्यवसाय टिकविला. परमुलखातून आलेल्या घराण्याची ही चव आज लखनौची ओळख मानली जाते. आपणही येथे परमुलखातूनच आलो. शहराने आपल्याला आपले म्हणावे, असे वाटत असेल, तर आपल्या हातचे काही त्याला द्यावयास हवे.