हृदयविकार ते भयझटका : एका निदानाचा इतिहास

कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक (ता. जुन्नर) परिसरात उसाच्या आडोशाने बिबट्या वावरतो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देण्यास निघालेल्या शेतकऱ्याची छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय कापतात. शरीराने दिलेला हा रास्त इशारा होय. हीच लक्षणे बिबट्या नसताना, घरात बसल्या जागी अकस्मात उसळली की त्यास भयझटका (पॅनिक अटॅक) म्हणतात.

वैद्यकाने या विकाराचे मूळ प्रदीर्घ काळ हृदयातच शोधले. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या निरीक्षणावरून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याला 'क्षुब्ध हृदय' म्हटले. १९१८ मध्ये थॉमस लुईस यांनी 'सैनिकाचे हृदय' या नावाने ग्रंथ लिहिला. १९६० च्या दशकात डोनाल्ड क्लाइन यांना इमिप्रामिनने झटके थांबतात, पण पुढच्या झटक्याची धास्ती उरते, असे आढळले. हे निरीक्षण औषधाहूनही मोलाचे ठरले. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने या विकारास स्वतंत्र स्थान दिले. धडधडीचा 'आता मरण आले' असा अर्थ लावल्याने झटका बळावतो, हे डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले.

पहिल्या झटक्यात हृदयाची तपासणी आवश्यकच असते. मात्र आलेख निर्दोष आल्यावर 'काही झालेले नाही' एवढेच सांगितले जाते आणि रुग्ण दुसऱ्या दवाखान्याची किंवा देवऋषीची वाट धरतो. वस्तुतः झटका बहुधा दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरतो; तोवर जागा न सोडता उच्छ्वास सावकाश लांबवावा, हे त्याला तेथेच सांगता येते.