रिवासच्या दोन आगी

मागे एप्रिलमध्ये आमचं रिलीज अगदी तोंडावर आलं होतं आणि नेमकी कोस्टारिकाची टीम सुट्टीवर. कसली सुट्टी म्हणून विचारलं तर तिकडच्या एकाने चॅटवर लिहिलं, "एका ढोलवाल्या पोराने एक घर जाळलं, त्याची." मला वाटलं गंमत करतोय. मग शोधायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. (टेस्ट केसेस लिहायच्या राहिल्या, पण ते असो.)

तर मंडळी, गोष्ट सुरू होते शेजारच्या निकाराग्वात. १८५४ साली तिथे यादवी पेटली. एका बाजूला ग्रानाडा शहरातले लेजिटिमिस्ट, म्हणजे जुन्या वळणाचे. दुसऱ्या बाजूला लेऑन शहरातले डेमोक्रॅट. डेमोक्रॅटांचं काही जमेना, तेव्हा त्यांचा नेता फ्रान्सिस्को कास्तेयॉन याने अमेरिकेतून माणसं मागवली. पहिला करार सरळसरळ सैनिकभरतीचा होता. पण अमेरिकेच्या १८१८ च्या तटस्थता कायद्याखाली असली भरती गुन्हा. म्हणून कागद बदलला. आता ३०० 'वसाहतकरी' येणार, त्यांना जमीन मिळणार आणि शस्त्र बाळगायचा हक्क, तोही कायमचा! कागदावर एक पदनाम आणि प्रत्यक्षात काम भलतंच, हे आम्हा आयटीवाल्यांना नवीन नाही. पण या एका 'कायमचा' शब्दावर सही करताना कास्तेयॉनच्या मनात काय होतं, याचा मला राहून राहून प्रश्न पडतो.

हा कागद बदलून घेणारा माणूस म्हणजे विल्यम वॉकर. डॉक्टर, वकील आणि पत्रकार, सगळं तिशीच्या आत. याआधी मेक्सिकोचा एक तुकडा तोडून स्वतःचं राष्ट्र काढायचा प्रयत्न करून आपटलेला. मे १८५५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून व्हेस्टा नावाच्या जहाजातून निघाला. तीनशे कुठले, जेमतेम ५८ जण.

आल्या आल्या त्याने डोळा ठेवला रिवास गावावर. का? तर तेव्हा न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला सोन्यासाठी जाणारे हजारो लोक निकाराग्वा ओलांडून जात, आणि तो रस्ता रिवासच्या अगदी जवळून जायचा. ज्याच्या हातात रस्ता, त्याच्याकडे पैसा आणि नवी माणसं. कास्तेयॉनला यादवी जिंकायची होती, वॉकरला रस्ता हवा होता. म्हणजे रिक्वायरमेंट पहिल्याच महिन्यात बदललेली.

२९ जून १८५५. किनाऱ्यावर उतरून, मुसळधार पावसात चालत आलेले सुमारे ५५ अमेरिकन आणि शंभराच्या आसपास स्थानिक सैनिक भर दुपारी रिवासवर चालून गेले. गोळीबार सुरू झाला आणि स्थानिक सैनिक चक्क निघून गेले. (दुसऱ्याच्या भांडणात आपण का मरा? मला तर ते पटतं.) अमेरिकन घरांत शिरून बसले. जाड मातीच्या भिंती आणि हातात चांगल्या रायफली. समोरच्यांच्या जुन्या बंदुकांचं आत काही चालेना, आणि जो उघड्यावर येई तो पडे.

मग एम्मानुएल मोंगालो नावाचा एकवीस वर्षांचा शाळामास्तर मशाल घेऊन गेला आणि त्याने घर पेटवलं. भिंत गोळी अडवते, पण छपराला लागलेली आग नाही अडवत. आतल्यांना बाहेर पडावं लागलं. वॉकरचे दोन खास साथीदार, क्यूएन आणि क्रॉकर, तिथेच मेले. ज्या जखमींना चालता येत नव्हतं त्यांना मागे सोडलं, आणि त्यांना मारून टाकण्यात आलं. 'वसाहतकरी' म्हणून आलेल्या माणसाला जमीन मिळाली ती अशी. वॉकरने पुढे पुस्तक लिहिलं, त्यात तो स्वतःचा उल्लेख 'वॉकर' असाच करतो, जणू कुणी तिसराच. निकाराग्वात २९ जून आजही शिक्षक दिन असतो.

इथेच तो संपायला हवा होता. पण कास्तेयॉन सप्टेंबरात कॉलऱ्याने मेला, ऑक्टोबरात वॉकरने ग्रानाडा घेतलं, नोव्हेंबरात लेजिटिमिस्टांचा सेनापती पोन्सियानो कोराल याला गोळ्या घातल्या. जुलै १८५६ मध्ये तो स्वतः निकाराग्वाचा अध्यक्ष झाला आणि सप्टेंबरात गुलामगिरीची बंदी उठवली. भटाला दिली ओसरी!

त्याआधीच कोस्टारिका सावध झाला होता. अध्यक्ष हुआन राफाएल मोरा स्वतः फौज घेऊन निघाला आणि ११ एप्रिल १८५६ ला पुन्हा रिवास. पुन्हा वॉकरची माणसं एका इमारतीत, पुन्हा तोच पेच. या वेळी मशाल घेऊन गेला आलाहुएलाचा ढोलवाला हुआन सांतामारिया. तो परत आला नाही. काही इतिहासकार या कथेबद्दल शंका घेतात, पण त्याच्या आईने १८५७ मध्ये सरकारकडे पेन्शन मागितल्याचा अर्ज आहे. मला पुतळ्यापेक्षा तो अर्ज जास्त खरा वाटतो. आज तिथल्या मुख्य विमानतळाला त्याचंच नाव आहे.

सुट्टीत जे सांगत नाहीत ते पुढचं. परतणाऱ्या सैनिकांबरोबर कॉलरा घरी आला आणि कोस्टारिकाची जवळजवळ दहा टक्के माणसं गेली. गोळ्यांनी मेले त्याच्या कितीतरी पट. वॉकर १ मे १८५७ ला अमेरिकन नौदलाच्या स्वाधीन होऊन सुखरूप घरी. १८६० मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा होंडुरासमध्ये नोवेल सॅमन या ब्रिटिश कप्तानाने त्याला पकडलं. (हाच सॅमन १८५७ ला लखनौच्या लढाईत होता, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. जग लहान आहे!) १२ सप्टेंबरला त्रुहियोत वॉकरला गोळ्या घातल्या. बरोबर अठरा दिवसांनी कोस्टारिकात मोरालाही गोळ्या घातल्या, त्याच्याच देशातल्या विरोधकांनी.

सुट्टीनंतर तो चॅटवाला भेटला तेव्हा हे सगळं वाचलंय म्हणून सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, शाळेच्या कार्यक्रमात एका वर्षी मशाल माझ्याकडे होती, पुठ्ठ्याची. आणि वॉकर कोण झालं होतं? ते म्हणे कुणालाच आठवत नाही.