नाव न घेता सांगायची गोष्ट

आज एका मुलीची हकीकत सांगणार आहे, पण तिचं नाव घेणार नाही. वकील, प्राध्यापक, वर्तमानपत्रं, सगळेच तो खटला तिच्या नावाने ओळखतात. तरी नाही.

२६ मार्च १९७२ ची रात्र. गाव देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. आईबाप नसलेली, मजुरीवर जाणारी आदिवासी पोर, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाच्या तक्रारीवरून तिला पोलीस ठाण्यात आणलं होतं. बरोबरच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केला, असं तिने बाहेर येऊन सांगितलं. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर १९७८ ला पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही. खाकी वर्दीपुढे, रात्रीच्या वेळी, त्या वयाच्या पोरीने!

वर्षभराने, १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या बाईवर अत्याचार झाला तर कडक शिक्षा आली. असे खटले बंद दाराआड चालवायचं ठरलं. आणि पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

जिच्यामुळे हा आडोसा मिळाला, तिला मात्र तो मिळाला नाही. तिचं नाव आधीच गावोगावी पोचलं होतं. कित्येक वर्षांनीही पत्रकार तिला शोधत तिच्या दारी गेले. तिच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही नाव लिहिलंच. हेतू चांगला होता, पण ते तिला विचारून झालं का, हा प्रश्न मला सुटत नाही.

११ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: नावच नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील नको, मुलगी हयात नसली तरी नको. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत हे कलम ७२ आहे.

आता आपल्या येडगावकडे या. ‘अमक्या मळ्यातली, बाप नारायणगावला टोमॅटो घेऊन जातो, पोर दहावीला.’ नाव कुठे घेतलं? पण बाजारात पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं. शहरात जे तपशील निरुपद्रवी असतात, ते खेड्यात बोट दाखवतात. आरोपी घरातलाच असेल तर त्याचं नाव छापलं की तिचंही छापल्यासारखंच. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पुढे ढकलणं हेही प्रसिद्ध करणंच आहे, मग खाली ‘न्याय मिळालाच पाहिजे’ लिहिलेलं असो.

काही जणी म्हणतात, नावगाव सांगितल्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही. वाटू नये तर न वाटो. म्हणून या कार्यक्रमात आपण तिची गोष्ट सांगत नाही, तिचा हक्क सांगतो. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. अत्याचाराच्या प्रकरणात जबाब महिला अधिकारीच घेतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने उपचार मोफत करायचे असतात. २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. त्यातल्या आर्थिक मदतीची आणि मोफत वकिलाची चौकशी विधी सेवा प्राधिकरणाकडे करायची. त्यांचा फोन १५१००. महिलांसाठीचा मदतीचा फोन १८१.