मासा गेला, हे आपल्याला कळलं तरी का?

मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आपल्या परभणीचाच पोरगा, पुण्यात नोकरीला, सुट्टी काढून अंदमानला मासे धरायला गेलेला. हातातली गळाची काठी धनुष्यासारखी वाकलेली, पाय बोटीच्या कडेला रोवलेले, अंगातून घामाच्या धारा. बऱ्याच वेळानं मासा वर आला. 'जायंट ट्रेव्हॅली', उष्ण समुद्रातला मोठा झुंजार मासा. पोरानं तो मोजला, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडून दिला.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. "एवढा मासा सोडला? येडा हाय का?" "विमानाचं तिकीट काढून गेला अन् रिकाम्या हातानं आला!" मीही हसलो. पण नंतर त्या शौकाचा इतिहास वाचत बसलो आणि वाचता वाचता गाडी अंदमानहून आपल्या गोदावरीवर येऊन थांबली. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

पोटासाठी नाही, झुंजीसाठी मासा धरायचा, हा शौक समुद्रात तसा अलीकडचा. १८८५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर डब्ल्यू. एच. वूड नावाच्या माणसानं गळ-काठीवर ९३ पौंडांचा, म्हणजे साधारण ४२ किलोंचा टार्पन धरला. त्याची मोठी चर्चा झाली आणि श्रीमंत हौशी लोक समुद्रातल्या मोठ्या माशांमागे लागले.

पण त्याच्या बारा वर्षं आधी, १८७३ मध्ये, आपल्याकडे मंगळुरात एक इंग्रजी पुस्तक छापून झालं होतं. नाव 'द रॉड इन इंडिया'. लेखक हेन्री सलिव्हन थॉमस, मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. या पुस्तकाचा नायक समुद्रातला नव्हता, आपल्या नद्यांतला होता. महसीर. विलायतेत सामन मासा म्हणजे गळवाल्यांचा राजा. थॉमसचं म्हणणं असं, की तेवढ्याच वजनाचा महसीर सामनपेक्षा जास्त दम काढतो.

महसीर हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. अंगावर मोठमोठी खवलं, आवडतं पाणी खडकाळ आणि वाहतं. पावसाळ्यात नदी फुगली की अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो. गळाला लागला की सुसाट पळतो आणि दोरी खडकावर घासून तोडतो. जिम कॉर्बेटला आपण वाघांसाठी ओळखतो, पण महसीराचं वेड त्यालाही होतं.

आता खरी गोष्ट ऐका. थॉमसच्याही आधी आपल्या दख्खनी महसीराची शास्त्रीय नोंद झाली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यात. कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी विल्यम हेन्री साईक्स दख्खनची पाहणी करत फिरला, तेव्हा त्यानं माणसं, पिकं, पक्षी यांच्याबरोबर मासेही टिपले. १८३९ मध्ये त्यानं दख्खनच्या माशांवर लिहिलं. हा महसीर मूळचा गोदावरी आणि कृष्णा या खोऱ्यांतला मासा.

साईक्सनं दिलेली नावं बघा. टॉर खुद्री. गारा मुल्या. रिटा गोग्रा. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ आजही हीच नावं वापरतो. त्यांच्या शेवटचे शब्द लॅटिन नाहीत हो! नदीकाठच्या माणसांनी सांगितलेली नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी त्यानं लिहून घेतली. मुल्या म्हणजे आपला मळ्या. गोग्रा म्हणजे आपला घोगऱ्या. प्रत्येक नावापुढं 'साईक्स, १८३९' अशी मोहर लागली. ज्यानं पाण्यात उतरून मासा काढून दाखवला आणि त्याचं नाव सांगितलं, त्याचं स्वतःचं नाव मात्र कुठंच नाही.

पुढं १८९७ मध्ये इंग्रजांनी मत्स्य कायदा केला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळात दोनशे रुपये म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हती. नद्यांतला मासा कमी होतोय ही ओरड त्या काळीच सुरू झाली होती, आणि ती करणाऱ्यांत थॉमससारखे गळवालेही होते. हौशी माणसाला मासा लागला नाही तर तो ओरडतो, कागदावर लिहितो, सरकारपर्यंत पोचवतो. जाळंवाल्याला मासा लागला नाही तर तो उपाशी झोपतो. त्याची नोंद होत नाही.

१९४६ मध्ये म्हैसूरकडं काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर गळावर धरला. हा विक्रम अजून सांगितला जातो. तो कावेरी खोऱ्यातला कुबड असलेला महसीर.

स्वातंत्र्यानंतर धरणं झाली, नद्या अडल्या, महसीर कमी व्हायला लागला. तेव्हा लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावावर एक चांगलं काम सुरू झालं. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथं दख्खनी महसीराचं कृत्रिम प्रजनन करून दाखवलं. तलावाकाठच्या केंद्रात लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभरातल्या पाण्यात सोडली गेली. कावेरीतही गेली. हेतू शंभर टक्के चांगला. पण कावेरीत आपला पुणेरी पाहुणा असा काही माजला, की तिथला मूळचा कुबडवाला मागे पडत गेला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. वाघापेक्षा वाईट अवस्था.

हे कळलं कशावरून माहिती आहे? सरकारी अहवालावरून नाही. कावेरीकाठी हौशी लोकांचे गळ टाकायचे तळ होते. तिथं प्रत्येक मासा मोजून, जात आणि वजन वहीत लिहून सोडून द्यायचा नियम होता. शास्त्रज्ञांनी त्या तळांवरच्या कित्येक वर्षांच्या नोंदी काढल्या. कुबडवाला वर्षागणिक कमी होताना दिसला, पाहुणा वाढताना दिसला. ज्या शौकाला आपण श्रीमंतांचे चोचले म्हणतो, त्या शौकाच्या वह्यांनी एका माशाची हाक जगाला ऐकवली.

आता आपल्याकडं या.

आपल्या जिल्ह्यातून गोदावरी जाते, पूर्णा जाते, दुधना जाते. १९६० च्या दशकात येलदरी धरण पूर्ण झालं, १९७६ मध्ये जायकवाडीचं उद्घाटन झालं. मग पाथरीपासून पालमपर्यंत गोदावरीवर बंधाऱ्यांची माळ आली. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस. धरणं नको होती असं मी म्हणणार नाही. त्याच पाण्यावर आपली तहान भागते, ऊस उभा राहतो. पण वाहत्या नदीचे तलाव झाले, डोहांतली वाळू हायवा भरभरून गेली, तेव्हा त्या पाण्यातल्या जिवांचं काय झालं, हे कोणी लिहिलं?

मीच नाही लिहिलं. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. येलदरी किती टक्के भरलं, किती दरवाजे उघडले, वाळूचा लिलाव कितीला गेला, सगळं छापलं. पाण्यात कोणता मासा आहे आणि कोणता राहिला नाही, यावर एक बातमी माझ्या नावावर नाही. व्हिडिओ बघून हसलो खरा, पण नंतर याच गोष्टीची लाज वाटली.

परवा गंगाखेडच्या घाटावर भोई समाजातले एक आबा भेटले. पंच्याहत्तरीच्या पुढचे. मी वही काढली तर म्हणाले, "पत्रकार साहेब, मासे इचारायला पयल्यांदाच कुणी आलंय. लोक पूर किती आला तेच इचारतेत." मग बोटं मोजत नावं सांगत गेले. घोगऱ्या, मळ्या, शिंगटा, वाम, मरळ आणि आणखी बरीच. कोणता डोहात, कोणता खडकात, कोणता पहिल्या पुराला. यातली निम्मी नावं माझ्या मुलानं कधी ऐकलेली नाहीत. शेवटी म्हणाले, "आता जाळं टाकलं की चिलापीच येतीया." ही चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेली.

साईक्सला नावं सांगणारा माणूस असाच कोणी आबा असणार. त्याचं नाव राहिलं नाही, पण त्याचा शब्द राहिला, कारण कोणीतरी लिहून घेतला. दोनशे वर्षांनी आपल्याकडं मोबाइल आहेत, कॅमेरे आहेत, मत्स्य सोसायट्या आहेत, कृषी विद्यापीठ आहे. तरी गोदावरीच्या माशांची साधी वही आपल्या एकाही गावात नसेल तर चूक नदीची नाही.

म्हणून एक विनंती. सोनपेठ, पाथरी, गंगाखेड, पालम, पूर्णा, जिंतूर, कुठलेही असा. आपल्या गावातल्या जुन्या भोयाकडं, कोळ्याकडं जाऊन बसा. माशाचं नाव, कोणत्या डोहात मिळायचा, शेवटचा कधी दिसला, एवढं विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नावही लिहा. मी सगळं एका वहीत उतरवतो आणि ती वही जिल्ह्याच्या मत्स्य खात्यात नेऊन देतो. नंतर बंधाऱ्यातून पाणी कधी सोडायचं, कोणत्या डोहातली वाळू काढायची नाही, पावसाळ्यात जाळं कधी थांबवायचं, यावर बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल.

आणि त्या अंदमानवाल्या पोराला मी मेसेज केला. सॉरी म्हणालो. तो येडा नाही. त्यानं मासा मोजला, नोंद केली आणि मग सोडला. आपण नुसताच सोडून दिला.